फलोहुन सरांची चार घरं

ओग्बोमोशो शहराच्या मोटारतळामागे फलोहुन सरांचा क्लास होता. जीवशास्त्रातलं सरांना एकच काय ते येत होतं. चौकट काढायची, चार घरं पाडायची, आईची जनुकं वर, बापाची डावीकडे, आणि घरं भरून टाकायची. परीक्षेत तेच गणित यायचं, पोरं पास व्हायची, आणि तेवढ्या भांडवलावर हा माणूस वीस वर्षं छाती फुगवून हिंडत होता. एखाद्यानं विचारलंच की हे असं का होतं, तर म्हणायचे, "परीक्षेत विचारतात का? नाही ना? मग गप लिही."

त्यांची भाची मोरेनिके हिचं रक्त एएस, म्हणजे एक जनुक निरोगी 'ए', दुसरं सिकलसेलच्या आजाराचं 'एस'; स्वतःला त्रास नाही, पण पोराला देऊ शकते. नवरा कोलापो, सरांचाच जुना विद्यार्थी, तोही एएस. अशा जोडप्याचं लग्न चर्च लावत नाही, रक्ताची चिठ्ठी आधी दाखवावी लागते. या दोघांनी कुणाला तरी पैसे चारून चांगल्या रक्ताची चिठ्ठी आणली. मग पहिली मुलगी झाली ती एसएस, दोघांकडूनही एस घेतलेली. तिचे हातपाय सुजायचे, हाडं ठणकायची, आणि ती रडून रडून निळी पडायची.

दुसऱ्याची हौस होती, पण मोरेनिकेला धीर होत नव्हता. ती चवळी वाटून वाफवलेल्या मोईमोईचा डबा घेऊन सरांकडे आली, कोलापोही सोबत.

"मामा, दुसरंही तसंच झालं तर?"

सरांनी पाठकोऱ्या कागदावर चौकट काढली. "ही बघ घरं चार. एसएस किती? एक. ते थोरलीनं घेतलं. उरली तीन, तिन्ही ठणठणीत! होऊ दे बिनधास्त."

"पण दवाखान्यातल्या अबिंबोला सिस्टर वेगळंच सांगतात."

"ती बया? सुया टोचणारीनं मला जनुकं शिकवायची? वा गं वा!"

"अगं, याच चौकटीवर मला पैकीच्या पैकी पडले होते," कोलापो म्हणाला. "सर चुकतील होय?"

धन्य तो गुरू आणि धन्य तो चेला! मुलगा झाला. आठव्या दिवशी नाव ठेवलं तेव्हा सर मधल्या खुर्चीत असे बसले होते, जणू पोर त्यांनीच घडवलंय. सातव्या महिन्यात त्याची बोटं सुजली. रक्त तपासलं, एसएस.

आता तरी माणसानं मान खाली घालावी की नाही? छे! सरांनी पुन्हा चौकट काढली आणि तिच्यावर बोट आपटून कोलापोला म्हणाले, "एसएसचं घर एकच होतं, ते संपलं. मग हे दुसरं आलं कुठून? पोर तुझं नसेल, बाबा. गणित खोटं बोलत नाही."

"मामा, जीभ झडेल तुमची!" मोरेनिके किंचाळली.

दुसऱ्या दिवशी कपडे भरून कोलापो तिकडे इलोरिन शहरात निघून गेला.

मोरेनिकेकडून हे कळताच अबिंबोला सिस्टर तडक क्लासवर आली. "सर, ती घरं पोरांची नव्हेत हो! नाण्याचा एकदा छापा पडला म्हणून पुढच्या खेपेला काटाच पडतो का? दर बाळंतपणाला चारही घरं नव्यानं मोकळी. आणि बाप दुसरा असता, तरी एसएस व्हायला त्याच्याही रक्तात तो एस लागलाच असता ना? मग कशावरून तिच्यावर आळ घेतलात?"

सरांना कळलं. वीस वर्षं जी चौकट शिकवली, ती त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळली. "बरं बरं, माझा तास आहे," एवढंच ते म्हणाले. कोलापोला फोन करायचा तर 'मी चुकलो' म्हणावं लागणार, तेही आपल्याच विद्यार्थ्याला. नाही केला मेल्यानं.

मोरेनिके एक पोर पाठीशी बांधून, एक हाताशी धरून एकटीच दवाखान्यात जाते. नव्या वर्षाला कोलापोचा सरांना निरोप आला, "सर, तुम्ही माझे डोळे उघडलेत. उपकार विसरणार नाही."

सरांनी तो दोनदा वाचला आणि उत्तर धाडलं, "देव तुझं भलं करो, बाळा."