आडवा उजेड

वैदेही गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. मी हॉस्पिटलात तिच्याजवळच होते. ती बातमी मला द्यायची होती, नागपूरला, तिच्या आईला. काकूंनी फोन उचलला आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "काय गं सुमा, आज तर रविवार नाही?" त्या आवाजात भीती आधीच येऊन बसली होती. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "कशानं?" आणि मी म्हणाले, "अचानक झालं, काकू..." हे खोटं होतं. त्यानंतरचे कितीतरी आठवडे मी त्या एका शब्दाच्या धाकात काढले.

वैदेही जर्सी सिटीत आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर एकटी राहायची. मी एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करणारी, पुण्याची, कमी बोलणारी बाई. ती समुद्रातल्या अगदी साध्या प्राण्यांवर संशोधन करणारी आणि अखंड बोलणारी. तिच्या प्राण्यांचं नाव प्लॅकोझोआ, पण ती त्यांना थालीपीठंच म्हणायची. लॅबमध्ये काही बिनसलं तर असावीत म्हणून थोडी घरीही ठेवलेली, ओट्यावर, काचेच्या बशीत. तिनं पहिल्यांदा दाखवली तेव्हा मला नुसतं पाणी दिसलं. "ताई, समोरून उजेड टाकला की ती पाणीच होतात," असं म्हणून तिनं बशीखाली काळा कागद सरकवला आणि टेबललॅम्प पार खाली, आडवा आणला. तेव्हा कुठे तिळाएवढे, वेड्यावाकड्या कडांचे, काचेवरून सरकणारे चपटे ठिपके दिसले. तोंड नाही, पोट नाही, मागचं-पुढचं नाही. शेवाळावर जाऊन पसरायचं आणि अंगाखालीच ते पचवायचं. वाढलं की दोन दिशांना ओढत ओढत एकाचे दोन व्हायचं. "दुखत नाही?" मी विचारलं. "नसाच नाहीत तर दुखणार कुठून? पण गंमत म्हणजे नसांना लागणारं बरंचसं सामान त्यांच्या जनुकांत आहे. घर बांधलेलं नाही, पण विटा येऊन पडल्यात. घाबरायची तयारी आहे यार, घाबरायला कुणी नाही!" आम्ही दोघी हसलो होतो.

आजाराचं तिनं मला लाँड्री रूममध्ये सांगितलं, ड्रायरमधले गरम टॉवेल छातीशी धरून. "एकेकट्या पेशींनी कधीतरी एकत्र राहायचं ठरवलं, म्हणून प्राणी झाले ना? माझ्यातल्या काही आता तो करार मोडून राहिल्या." तिचे बाबाही कॅन्सरनंच गेले होते आणि काकूंनी ते सगळं उशाशी बसून पाहिलं होतं. "आईला पुन्हा नाही दाखवायचं. ट्रीटमेंट संपली की मीच सांगते. तू कुणाशी बोलत नाहीस, म्हणून तर तुला सांगितलं." मी हो म्हटलं. तोंड बंद ठेवणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

मग ते रविवार. इकडे सकाळ, नागपूरला संध्याकाळ. व्हिडिओ कॉलच्या आधी मी खिडकीचे पडदे ओढायची, तिच्या डोक्यावर लोकरी टोपी नीट बसवायची आणि तोच टेबललॅम्प उचलून फोनच्या मागे ठेवायची. "समोरूनच हं, ताई. गालांचे खड्डे नको दिसायला." समोरून उजेड पडला की तिचा चेहरा सपाट, गुळगुळीत व्हायचा. "अगं, गोरी होऊन राहिली तू तिकडे!" काकू म्हणायच्या. "फिल्टर आहे आई, फिल्टर!" काकू हसायच्या आणि मी फोन धरलेल्या हाताचं कोपर टेबलावर दाबून धरायची. तिला आत्ता ठसका लागला तर... काकू म्हणाल्या, घर दाखव गं, तर... शेवटी शेवटी तर ती दोनच वाक्यं बोलायची आणि "लॅबमध्ये जायचंय" म्हणून कॉल कट करायची. दिवा एक वीत बाजूला सरकवला असता तर काकूंना सगळं दिसलं असतं, मला एक शब्दही बोलावा लागला नसता. वचन दिलं होतं म्हणून सरकवला नाही, असं मी स्वतःला सांगत आले. खरं सांगायचं तर स्क्रीनवर काकूंचा चेहरा बदलताना पाहण्याची मला भीती वाटत होती.

ती गेल्यावर बशी मी वर माझ्याकडे आणली, टेबललॅम्पसकट. रोज सकाळी उठून आधी बशी बघायची, आज थालीपीठं मेलेली असली तर? आणि दर रविवारी काकूंचा फोन. "तिला त्रास नाही ना झाला गं? अचानकच गेली ना?" असं तीनदा-चारदा झाल्यावर एका रविवारी मी सांगून टाकलं : आजार, टोपी, दिवा, सगळं. मग काकू म्हणाल्या, "माझ्याजवळ दहा वर्षांचा व्हिसा आहे, सुमा. बॅग पलंगाखालीच आहे गं." आणि फोन बंद झाला.

पुढचा आठवडा कसा गेला ते लिहिता येणार नाही. रविवारी वेळेवर फोन वाजला, तेव्हा तो उचलायचं मला धाडस होईना. उचलला. क्षमेबद्दल काकू काही बोलल्या नाहीत, आजही बोलत नाहीत. हे लिहू का विचारलं, तेव्हा "खरं असेल तेवढं लिही," एवढंच म्हणाल्या. त्या रविवारी मात्र त्यांनी विचारलं, "तिची ती थालीपीठं आहेत का अजून?"

"आहेत."

"दाखव."

मी व्हिडिओ सुरू केला, बशीखाली काळा कागद घातला, दिवा खाली आणला, आडवा केला. बशीत एक ठिपका मधोमध बारीक होत, दोन्हीकडे ताणला जात होता. काकू किती तरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता तुझं तोंड दाखव. दिव्याला हात लावू नको."

मी फोन स्वतःकडे वळवला, आणि दिवा होता तिथेच राहू दिला.