हिल्मासाठी उंच दार

एमेली तुहकानेन उंचीला जेमतेम, पण त्याच्या नव्या घराचं दार एवढं उंच की तळ्याकाठचा अख्खा गाव बघायला आला. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. हिल्मा कोर्तेलाइनेन ताडमाड बाई. नवऱ्याच्या बुटक्या झोपडीत वीस वर्षं मान वाकवून वावरली, मग विधवा झाली. एमेलीनं मागणी घातली तेव्हा म्हणाली, "जिथं वाकावं लागेल, त्या घरात मी पाऊल टाकणार नाही. घर पुरतं खाली बसू दे, मग येऊन बघते."

ओंडक्यांचं घर वाळता वाळता तीनेक वर्षांत वीतभर खाली बसतं. म्हणून दाराच्या चौकटीवर फट ठेवून तिच्यात शेवाळ भरायचं, म्हणजे भिंतीचा भार चौकटीवर येत नाही. एमेलीनं एकट्यानं झाडं तोडली, साली सोलल्या, खाचा पाडून ओंडक्यावर ओंडका चढवला. फटही ठेवली. तेवढ्यात आम्हा गावकऱ्यांतलंच कुणीतरी म्हणालं, "तिथून वारा शिरेल हं, हिल्मा गारठेल." कोण ते आता कुणालाच आठवत नाही. एमेलीनं शेवाळ उपसून तिथं बर्चच्या टणक लाकडाचा ठोकळा ठोकून बसवला.

घर उभं राहिल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात, रविवारी, चर्च सुटल्यावर हिल्मा आली. आम्हीही सहज तिकडून चाललो होतो, कॉफीची किटली घेऊन.

"एमेली, दार उघड."

"सकाळपासून उघडत नाहीये," एमेली आतून म्हणाला.

"कडी अडकली?"

"नाही. घर बसलंय दारावर."

आमच्यातला विल्हो म्हणाला, "खिडकीतून शीर की, हिल्मा!"

"खिडकीतून शिरायला वाकावं लागतं."

आत एमेलीनं काचेला नाक लावलं. एकट्यानं कुऱ्हाड चालवतानाही त्याचा चेहरा एवढा उतरला नव्हता.

हिल्मा सुताराची लेक. चौकटीकडे बघून म्हणाली, "वर काय कोंबलंयस?"

"बर्च."

"कशाला?"

"तुला वारा लागू नये म्हणून."

तिनं बाह्या वर सारल्या. आम्ही कॉफी ओतून घेतली.

"करवत दे बाहेर, शहाण्या."

खिडकीतून करवत आली. स्टूल न घेताच तिनं ठोकळा कापून काढला. घर करकरलं. तिनं दार ओढलं आणि ताठ मानेनं आत गेली. नकार बघायला आलेल्यांची जरा निराशाच झाली.

आतून आवाज आला, "खिडक्यांवरही ठोकळेच?"

"चारही."

"मग ते काढून होईपर्यंत मी कुठं जात नाही. तुझ्यासाठी शिडी आण."