सरांचं शुअर

आमच्या कुरुंद्यातल्या निम्म्या लोकांचा स्वतःवरचा विश्वास आमच्या शेजारच्या सरांनी घालवला आहे. सर शाळेत इंग्रजी शिकवायचे. निवृत्त होताना बाकी सगळं तिथेच ठेवून आले, एक शब्द तेवढा घरी आणला: शुअर. बसच्या दाराशी उभे राहून कंडक्टरला विचारतात, "वसमतला जाती न?" तो म्हणतो, "व्हय." सर चष्म्यावरून बघतात. "शुअर?" ज्याची हयात त्या रस्त्यावर गेली, तो बिचारा खाली उतरून बसची पाटी वाचून येतो. भाजीवालीची वांगी कोवळी आहेत यावर तर तिला रोज शपथच घ्यावी लागते. एकदा मी त्यांना हौसेनं आमच्या शेतातली हळद शिजताना बघायला नेलं. कढईवरच्या माणसानं काडी टोचून "झाली" म्हटलं, सरांनी "शुअर?" म्हटलं, आणि तो गडबडून पुन्हा पुन्हा काडी टोचत बसला. तेवढ्यात हळदीचा पार गाळ झाला. सर मात्र शांतपणे म्हणाले, "आता झाली."

मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो. वर्गात शुअरचा अर्थ विचारला की आम्ही एका सुरात "नक्की" म्हणायचो आणि सर चिडायचे. "नक्की म्हंजे ठरलेलं. परीक्षा नक्की असती. शुअर माणूस असतो, आतून. दुसऱ्याच्या वतीनं कुणाला शुअर होता येत न्हाई." परीक्षेत हे कधी आलं नाही, म्हणून आम्ही ते सोडून दिलं.

मग त्यांच्या धाकट्या मुलीची सोयरीक जमली. बाळापूरचे पाहुणे, मुलगा नोकरीवाला, नाव ठेवायला जागा नाही. कुंकवाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी दारात मांडव होता. सोयऱ्यांना टॉवेल-टोपी देऊन झाली, मुलाकडच्या बायका कुंकू लावायला उठल्या, आणि सर मध्येच उभे राहून मुलीकडे वळले.

"माय, शुअर?"

मांडवात हशा पिकला. मुलगी मात्र हसली नाही. खाली बघत म्हणाली, "न्हाई, बाबा."

"मग ऱ्हाऊ द्या," सर म्हणाले.

मुलाच्या मामानं डोक्यावरची नवी टोपी काढून खुर्चीवर ठेवली. "समदं नक्की झाल्यावर पोरीला काहून विचारून राहिले तुमी?" त्यांचंही चूक नव्हतं. सरांनी हात जोडले. पाहुणे जेवण तसंच ठेवून निघून गेले. मला त्या क्षणी सरांचा फार अभिमान वाटला आणि त्या पोरीची तितकीच काळजी वाटली.

ती आता हिंगोलीत दवाखान्यात नर्स आहे, बरी आहे. पण त्यानंतर तिच्यासाठी कुणी विचारायला आलं नाही. सरांच्या घरच्या काकू त्या विषयावर त्यांच्याशी अजून बोलत नाहीत, आणि गाव म्हणतं, मास्तरच्या येडेपणानं लेकराचं वाटोळं झालं.

परवा संध्याकाळी सर माझ्या ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी बराबर केलं का रे?"

"बराबर केलं, सर."

आता ते चष्म्यावरून बघतील, "शुअर?" म्हणतील, म्हणून मी वाट बघत राहिलो. माझं उत्तर तयार होतं. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"बरं," म्हणाले, आणि उठून घरी गेले.