पाण्याखालचा टोला

सुकरूदादा भर तलावात, डोंग्यात बसल्या बसल्या पायातल्या चपला काढून ठेवायचा. काठावर नाही, मधोमध. बांबू आडवा ठेवायचा, हात जोडायचा, आणि डोंगा जाईल तिकडे जाऊ द्यायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो.

"हासतं कायले बे?" तो म्हणाला. "खाली मातामायचं देऊळ आहे. तुया बापानं तिच्यापुढं नारळ फोडला."

खाली म्हणजे पाण्याखाली. सडक अर्जुनीच्या बाजूचा आमचा ढिवरांचा टोला, मासे धरणाऱ्यांची वस्ती, आज तलावाच्या वरच्या अंगाला आहे, पण आधी तो तलावाच्या पोटात होता. मालगुजारानं तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, उंच केली आणि त्या सालच्या पावसात पाणी घरात शिरलं. लोक जाळी, गंज-भांडी, कोंबड्या घेऊन वर जंगलाच्या जागेत येऊन बसले ते बसलेच. सुकरू तेव्हा बकऱ्या राखायच्या वयाचा. मी नंतरचा, वरच्या टोल्यात जन्मलेला. सुकरूची माय जातं आणायला म्हणून परत खाली गेली. जातं टाकून यावं असं तिला वाटलं नाही. ओली भिंत तिच्यावर बसली. दुसऱ्या दिवशी तिथं पुरुषभर पाणी. माती द्यायलाही ती हाती लागली नाही.

मी तिसरी नापास, पण अक्षर ओळखतो. सुकरूदादाला तेही येत नव्हतं. तरी अख्खा जुना टोला त्याच्या डोक्यात होता. मला डोंग्यात बसवून दाखवायचा, "हे पांडूचं आंगन. हे तुया आजीची चूल. आता थोडा चूप राह्य, इथं माई माय आहे." मला सगळीकडे सारखंच पाणी दिसायचं. तसं म्हटलं की चिडायचा. "पानी झाकते गा, खात नाही," म्हणायचा. मेल्या माणसाची गोष्ट निघाली की हेच, कोणाचं जुनं भांडण उकरलं की हेच.

जंगलखात्याच्या नोटिशी मी कळतं तेव्हापासून पाहत आलो. पलीकडच्या काठावर गावातल्या लोकांचे प्लॉट पडले, सिमेंटचे बंगले उठले. तिथं कोणी ब्र काढला नाही. आमची मातीची घरं तेवढी अतिक्रमण. मग कायदा आला की जंगलाच्या जागेवर राहणाऱ्याला पट्टा, म्हणजे जागेच्या हक्काचा कागद, मिळेल. आमच्यासारख्या आदिवासी नसलेल्यांना मात्र त्या जागेवर तीन पिढ्या राहिल्याचं दाखवावं लागे. कागद नसला तर टोल्यातल्या म्हाताऱ्याचं बयान चालत होतं. दाव्यांसाठी टोल्याची समिती झाली, तिचा अध्यक्ष मी. कोणाच्या मेहरबानीनं नाही, टोल्यानं हात वर करून केलं. आणि सगळ्यात म्हातारा सुकरूदादा. अडचण एवढीच, की वरच्या जागेवर आम्हाला तीन पिढ्या भरायला काही वर्षं कमी पडत होती.

मी त्याला समजावलं. "दादा, आज्यापासून इथंच आहो, एवढंच म्हन. तलावाचं नाव काढू नको."

"काऊन नाही काढायचं?"

"घर पायजे का नाही?"

तो जाळं विणत राहिला. मला वाटलं, समजला.

दावा तपासायला साहेब आले, मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकली. चांगला माणूस होता, खोटं कशाला बोलू. त्यानं विचारलं, "आजोबा, तुम्ही इथं कधीपासून राहता?"

"आज्यापासून, साहेब."

मी श्वास सोडला. तेवढ्यात कारकुनानं मान वर केली. "याच जागेवर ना?"

सुकरूदादानं माझ्याकडे पाहिलं. मग तलावाकडे. "या जागेवर त पानी आल्यावर आलो. आमचा टोला खाली आहे."

"खाली कुठं?"

"ते का, मधात जरा काळं दिसते ना पानी, तिथं. टोला एकच आहे साहेब, जागा सरकली. तसं लिवा."

तसं लिहायला कागदावर जागा नव्हती. दावा परत आला.

त्यानंतर टोल्यानं त्याला सुखानं राहू दिलं नाही. तो दिसला की बाया म्हणायच्या, "जा ना गा बुढ्या, आपल्या पान्यातल्या घरी राह्य!" पोट्टे विचारायचे, "आबा, तुमच्या टोल्यात लाइट आली का?" त्याचा मुलगा बाप असून बोलेना. मीही बोलणं टाकलं. एकदा तो माझ्या दारात आला आणि म्हणाला, "मी कोनतं खोटं बोललो? सांग." मी म्हटलं, "खरं बोलूनच आमचं घर उठवून राहिला तू."

आम्ही अपील केलं. दुसरे साहेब आले. या खेपेला मी शेजारच्या टोल्यातली एक बुढी उभी केली आणि तिनं पढवल्याप्रमाणे बयान दिलं. साहेबांनी जुना कागद चाळला. "तलावात पूर्वी वस्ती होती असं इथं लिहिलंय. खरं आहे?"

"नाही साहेब," मी म्हणालो.

"मग हे बयान?"

"त्या बुढ्याचं डोकं ठिकाणावर नाही. डोंग्यात बसून पान्याशी बोलते. विचारा कोनालेही."

कोणालाही विचारलं नाही, पण पाच-सहा जण हसले. ते हसणं पुरेसं होतं. सुकरूदादा तिथंच जमिनीवर बसला होता. तो भांडेल म्हणून मी दोन गडी जवळ ठेवले होते. तो भांडला नाही. साहेब जीपमध्ये बसल्यावर माझ्याजवळ आला. आयुष्यभर मला नावानं हाक मारत होता. त्या दिवशी म्हणाला, "अध्यक्ष साहेब, मंग माई माय कुठं मेली? तेवढं सांगा."

मी म्हटलं, "घरी जा दादा, ऊन आहे."

पट्टे आले. सुकरूदादाचा त्याच्या मुलानं आणला. तो पुढं दोन पावसाळे जगला. डोंगा पाळीवर उलटा पडला होता, त्याच्याखाली चिचुंद्रीनं घर केलं. त्यानं कोणाला जुन्या टोल्याचं एक घर दाखवलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. मेला तेव्हा तिरडीला खांदा द्यायला मी पुढं झालो. त्याचा मुलगा हळूच म्हणाला, "काका, तुमी राहू द्या." ज्याच्या घराचा पट्टा मी मिळवून दिला, त्यानं. मी मागून चालत गेलो.

गेल्या साली शाळेचे मास्तर घरी आले. त्यांना मुलांसाठी टोल्याचा इतिहास लिहायचा होता. आता म्हातारा मीच. ते म्हणाले, "तलावात जुनं गाव होतं म्हणतात. काही माहीत आहे का?" मी पट्ट्यांचा विचार केला. नाही म्हणालो. मास्तरांनी पेन बंद केला, चहा घेतला आणि गेले. आता विचारणारंही कोणी राहिलं नाही, आणि माझ्याशिवाय सांगणारंही नाही.

घरं वाचवली याचा मला पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा वाचवीन. पण हे मी माझ्या हातानं लिहितो आहे, अक्षर वाकडं असलं तरी माझं आहे. कोणाला पट्टा परत न्यायचा असेल त्यानं माझा न्यावा, बाकीच्यांच्या दाराला हात लावू नये. तलावात आमचा टोला होता. सुकरूची माय तिथं, आपल्या घरात मेली.