सलीमभाईंच्या कार्डाला लिमिट

मंडळी, माझं डोकं चालेनासं झालंय. जरा सांगा.

रामवाडीत आमचा गणपतीचा कारखाना आहे. टेम्पो सलीमभाई चालवतात, दहा वर्षं झाली. या मोसमात खर्च आवरायचा म्हणून मी त्यांना डिझेलसाठी नवं कार्ड दिलं. पाचशेच्या वर रक्कम गेली की माझ्या फोनवर विचारणा येते. मी हो म्हटलं तरच पैसे जातात.

आज ते मूर्ती घेऊन रोह्याला गेले आणि मी इथे डोळ्यांच्या आखणीला बसले. डोळे रंगवताना हात हलू नये म्हणून फोन मी कायम आतल्या खोलीत ठेवते. दोन तासांनी बघते तर अकरा मिस्ड कॉल! डिझेल टाकीत आणि माणूस पंपावर अडकलेला.

संध्याकाळी ते परत आले. मी ओशाळलेली. ते मात्र हसत म्हणाले, "पंपवाला बोलला, गाडीत बाप्पा हाय, तू पळून कुठं जाणार? मूर्ती पोचवल्या नि येताना रोख देऊन आलो. हे कार्ड तुमच्याकडंच ठेवा, ताई."

आता त्यांना साधं डेबिट कार्ड देऊ, ठरावीक पैसे भरलेलं प्रीपेड देऊ, की क्रेडिट? बँकेतल्या बाईंनी तिन्हींचे फायदे सांगितले, त्यात मी जास्तच गोंधळले.

आणि खरं सांगू? गेल्या मोसमात कारखान्याच्या क्रेडिट कार्डावर भरमसाट चमकीचे हार मीच मागवले होते. सलीमभाईंनी त्यावर एक चहासुद्धा घेतला नव्हता.

मग लिमिट नक्की कोणाच्या कार्डाला लावू?