शलाकासाठी मी निवडलेली सायकल

गेल्या रविवारपर्यंत हे मी कुणापाशी बोललो नव्हतो. आईपाशी नाही, पुण्यातल्या जुन्या मित्रांपाशी नाही, आणि ज्यांच्याबरोबर दर वीकेंडला सायकल चालवतो त्यांच्यापाशी तर नाहीच. रविवारी जिला सांगायला हवं होतं तिला सांगितलं. आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जातंय का? की एकदा तोंड उघडलं की थांबवत नाही? माहीत नाही. पण सांगतो.

ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला आमचा सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. बरेचसे मराठी, काही पंजाबी, एखाददुसरा तेलुगू. त्यात कुणालाही सायकल घ्यायची झाली की फोन मला येतो. "हेमंत, कुठली घेऊ रे?" आणि मी सुरू होतो. कुठे चालवणार, तळ्याभोवती की डोंगरावर? एका वेळी तासभर की अर्धा दिवस? एकटा की ग्रुपबरोबर? पाठ कशी आहे, मान कशी आहे? शर्यतीची महागडी सायकल घ्यायची, पहिल्या उत्साहात चार-दोन वेळा चालवायची आणि मग मान आखडली म्हणून गॅरेजात टांगून ठेवायची, असे लोक मी खूप बघितलेत. म्हणून मी सांगतो की आधी फ्रेमचं माप बघा, रंग नंतर. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. हात ताणावे लागले तर ती सायकल तुमची नाही, दुकानदार काहीही म्हणो. लोक ऐकतात. खूश होतात. हेमंतचा सल्ला कधी चुकत नाही, असं ग्रुपमध्ये बोललं जातं.

एकदा चुकला होता.

चुकला? बघा, आत्ताही मी किती मऊ शब्द शोधतोय. चुकला नव्हता. मी चुकवला होता.

शलाका माझी बायको. पॅथॉलॉजिस्ट आहे. आम्ही ऑस्ट्रेलियात आलो ते तिच्या नोकरीवर — व्हिसाच्या अर्जात मुख्य नाव तिचं, मी तिच्यामागून आलेला. पुण्यात मी डिझाइन इंजिनिअर होतो; इथे आल्यावर बरेच महिने घरी होतो. रेवाला, आमच्या मुलीला, शाळेत सोडायचं, आणायचं, डबे करायचे. वाईट होतं का ते? नव्हतं. शलाका एका शब्दानेही कधी टोचून बोलली नाही. तरी ती सकाळी गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र अडकवून निघाली की मला काहीतरी बोचायचंच. त्याच दिवसांत मी सायकल धरली. पुढे नोकरी लागली, पण सायकल सुटली नाही. चढावर मी बरा होतो. कुणाच्या तरी पुढे होतो. हे मी सबब म्हणून सांगत नाही. काय घडलं ते सांगताना हे गाळता येत नाही, एवढंच.

मग एक दिवस शलाका म्हणाली, "मला पण घेऊ या ना सायकल. तुझ्याबरोबर यायचंय मला."

मला आनंद झाला. खरंच झाला — निदान दुकानात पोचेपर्यंत.

शलाका बुटकी आहे. आणि रेवाच्या वेळी तिची पाठ अशी धरली होती की बाळाला उचलून घ्यायलाही तिला कुणाची तरी मदत लागायची. त्या दिवसांची तिला अजूनही धास्ती आहे. त्यामुळे दुकानात शिरतानाच ती मला म्हणाली होती, "पाठीला झेपेल अशीच बघ हं." दुकानात एक लहान मापाची रोड बाईक होती. खाली वळलेलं हँडल, पण शर्यतीच्या सायकलीइतकं खाली वाकायला न लावणारं. लांब पल्ला आरामात गाठता यावा म्हणून बनवलेली. दुकानातल्या मुलीने सीटची उंची लावून दिली आणि म्हणाली, "टेक हर फॉर अ स्पिन, नो वरीज."

दुकानाच्या मागच्या बाजूला ओढ्याच्या कडेने सायकलींचा रस्ता जातो. ती त्या सायकलवर, मी माझ्या. सुरुवातीला ती डगमगली, मग सरळ झाली. पुढे एक चढ होता, फार मोठा नाही, पण दम काढणारा. तिथे ती माझ्या बाजूने आली. आणि पुढे गेली.

मी जोर लावला. अजून लावला. मधलं अंतर वाढतच गेलं.

वर ती थांबली होती. चेहरा लालबुंद, डोक्यावर वाकडं बसलेलं हेल्मेट, आणि हसू आवरत नव्हतं तिला. मी तिच्याकडे नीट बघितलं — तशी नजर मला आहेच. कोपर हवं तेवढं वाकलेलं. गुडघा हवा तिथे. पाठ सैल, कुठे ताण नाही. ती फ्रेम जणू तिचंच माप घेऊन बनवली होती. हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं होतं. यात शंकेला जागा नव्हती, म्हणून यात मला लपायलाही जागा नाही.

परत आलो. त्या मुलीने विचारलं, कशी वाटली? शलाका माझ्याकडे वळली. डोळ्यांत अजून तेच हसू.

"काय वाटतं तुला?"

मी म्हणालो, "पाठ वाकतेय तुझी. फ्रेम तुझ्या मापाची नाही. महिन्याभरात पुन्हा अंथरुणाला खिळशील."

तिचा हात आपोआप कमरेकडे गेला.

तो हात मी विसरलेलो नाही. मला तिची कुठली भीती कुठे ठेवलेली आहे ते माहीत होतं, आणि मी नेमका तिथे हात घातला. मारहाण करणाऱ्या नवऱ्यांच्या गोष्टी ऐकून मी हळहळलो आहे, तावातावाने बोललोही आहे. मी काय केलं होतं? आवाजसुद्धा चढवला नव्हता.

आम्ही दुसरीच सायकल घेतली. सरळ हँडल, जाड टायर, पुढे धक्के शोषणारं सस्पेन्शन. उचलताना दोघांनी धरावी अशी जड. बाजारातून भाजी आणायला उत्तम. मी निवडली. गाडीत बसताना शलाका म्हणाली, "बरं झालं तू होतास. मी तर ती दुसरीच घेऊन बसले असते."

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते सांगू? मी मजेत होतो. प्रत्येक चढावर मी आधी पोचायचो, पाणी प्यायचो, घाम पुसायचो आणि मग खालून येणाऱ्या तिला "शाब्बास, आलीस!" म्हणायचो. ग्रुपमध्ये सगळे म्हणायचे, हेमंत किती छान थांबतो बायकोसाठी. मला ते आवडायचं. फार आवडायचं. ती कधी हताश होऊन विचारायची, "माझं नक्की चुकतंय काय रे? मी रोज घाम गाळते, तरी मागेच." आणि मी तिला श्वास कसा घ्यायचा ते समजावून सांगायचो! टायर आणि सस्पेन्शन तिची निम्मी मेहनत खात होते आणि मी तिला श्वासोच्छ्वासावर व्याख्यान देत होतो.

ती सोडून देईल असंही मला वाटलं होतं. तिने सोडलं नाही. वसंतात इथले मॅगपाय पक्षी डोक्यावर झेपा घेतात म्हणून हेल्मेटला प्लास्टिकचे काटे लावून ती निघायची. उकाड्यात निघायची. मी नाही आलो तर एकटी निघायची.

मग गुरलीन पडली. गुरलीन आमच्या ग्रुपमधली, शलाकाची जवळची मैत्रीण. मनगट मोडलं आणि तिची रोड बाईक रिकामी पडली. आम्ही भेटायला गेलो होतो तेव्हा प्लास्टरातला हात हलवत ती म्हणाली, "शलाका, मेरी ले जा यार. तेरी-मेरी हाइट सेम है."

मी तोंड उघडलं. "तिच्या पाठीला…"

"अरे, एक दिन में क्या हो जाएगा?"

शलाकाने माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग म्हणाली, "एकदा बघते."

त्या रविवारी आम्ही माउंट कूट-थाला गेलो. ब्रिस्बेनमध्ये सायकल चालवणारा माणूस आज ना उद्या तो चढ चढतोच. उन्हाळा होता, भल्या पहाटेच लख्ख उजाडलं होतं. पायथ्याशी मी तिला म्हणालो, "सुरुवातीला दमानं घे." तिने मान डोलावली.

पहिल्या वळणापर्यंत ती माझ्याबरोबर होती. तिला अजून अंदाज येत नव्हता — इतकी वर्षं जी ताकद ती त्या धुडावर घालत आली होती तेवढीच ती इथेही घालत होती, आणि सायकल तिच्या खालून पुढे पळत होती. तिने एकदा खाली बघितलं, चाकांकडे, काहीतरी बिघडलं असावं तशी. मग तिला कळलं. मी शेजारी होतो, मला ते दिसलं. तिने गिअर बदलला, पुढच्या दोघांना ओलांडलं, मग अजून एकाला, आणि झाडांमागे गेली. त्यानंतर मला ती दिसली ती थेट वरच.

मी पोचलो तेव्हा अख्खा ग्रुप तिच्याभोवती होता. गुरलीन रेवाला घेऊन नवऱ्याच्या गाडीतून वर आली होती. रेवा ओरडली, "डॅड, मम टोटली स्मॅश्ड यू!" सगळे खो खो हसले. मीही हसलो. कॅफेत कुणीतरी शलाकाला विचारलं, हे जमलं कसं? आणि ती — ती उठून उभी राहिली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "याच्यामुळे. याने मला मुद्दाम जड सायकल घेऊन दिली होती ना! तीच चालवून पायात ताकद आली. मला तेव्हा कळलं नाही, याला कळलं होतं."

टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी.

तेव्हा तरी बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी काय केलं? कॉफीचा कप उचलून सगळ्यांना दाखवला, जसं काही बक्षीस घेतोय.

पुढच्या आठवड्यात तिने स्वतः जाऊन सायकल घेतली. मला विचारलं नाही; गरजच नव्हती, काय हवं ते तिला आता अंगाने कळत होतं. पाठ एकदाही दुखली नाही. आता ग्रुपमध्ये ती सर्वांत पुढे असते, आणि नवीन आलेल्या बायका तिच्या मागोमाग राहायची धडपड करतात. कुणी तिचं कौतुक केलं की ती अजूनही माझं नाव घ्यायची. दर वेळी. मला ते ऐकवेना, आणि थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

गेल्या रविवारी आम्ही त्याच डोंगरावर होतो. मी मागे पडलो होतो, आणि ती माझ्यासाठी वेग कमी करून शेजारी आली. दमलेला होतो, म्हणून असेल, शब्द तुटक तुटक आले. ती पहिली सायकल तुझ्या मापाची होती. मला माहीत होतं. पाठीचं मी खोटं बोललो. तू माझ्यापुढे गेलीस ते मला सहन झालं नाही.

तिने गिअर बदलला.

मग तिने विचारलं, "ओढ्याकडच्या त्या चढावर तू मुद्दाम मागे राहिला नव्हतास? मला बरं वाटावं म्हणून?"

"नाही."

"मी इतकी वर्षं तेच समजत होते."

"मी पूर्ण जोर लावला होता, शलाका."

"पूर्ण?"

"पूर्ण."

ती रडेल, चिडेल, सायकल थांबवेल — सगळ्याची मी तयारी केली होती. ती हसली. माझ्याकडे बघून नाही, समोरच्या रस्त्याकडे बघून. त्या हसण्यात माझ्यासाठी काही नव्हतं. "म्हणजे पहिल्याच दिवशी," ती स्वतःशीच म्हणाली. "पहिल्याच दिवशी!" मग आवाज बदलला. "बाकीचं घरी बोलू. खूप बोलायचंय मला." आणि सीटवरून उठून, उभ्याने पेडल मारत ती निघून गेली.

मी वर पोचलो तेव्हा ती तिथे नव्हती. गुरलीन म्हणाली, "वो तो दूसरी तरफ़ से नीचे उतर गई. बोली, एक बार और चढ़ूँगी."

मी कठड्यापाशी जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने झाडांमधून रस्त्याचा शेवटचा तुकडा दिसतो तिथे ती आली. पुढे चार-पाच पुरुषांची एक रांग होती, एकसारख्या जर्सी घातलेली. ती त्यांच्या मागून आली, बाजूने आली, आणि एकेकाला मागे टाकत वर येत राहिली.