घरमालकांचा होम

अग्नीशी इतक्या घरोब्याने बोलणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. पालघरला आम्ही नवरा-बायको ज्यांच्या घरात भाड्याने राहायचो, ते आमचे घरमालक दर पौर्णिमेला ओसरीवर होम करत, तोही भटजींशिवाय. ते ऐंशीच्या सुमाराचे दिवस. मी बोईसरच्या कारखान्यात कामाला होतो. सुट्टीच्या दिवशी पौर्णिमा आली की घरमालक मला हाक मारून समिधा मोडायला बसवत. या घराच्या वास्तुशांतीला आलेल्या भटजींना म्हणे सफाळ्याला दुसरं कार्य होतं. त्यांनी घड्याळाकडे बघत बघत, विस्तव धड धरला नाही तोवर पूर्णाहुती उरकली. तेव्हापासून काकांनी (घरमालकांना आम्ही काकाच म्हणायचो) ठरवून टाकलं, आता भटजी नकोत. "आपल्या घरी आलेला पाहुणा, त्याच्याशी बोलायला दुभाषी कशाला?" असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. भाडं किती, हे मात्र मला काकूंना विचारावं लागलं.

त्यांचं कुंड म्हणजे वनस्पती तुपाचा कापलेला डबा, त्याभोवती विटा रचलेल्या. मंत्र त्यांना अर्धेमुर्धे येत. पुढचं आठवेना की ते न अडखळता मराठीत शिरत आणि पाऊसपाण्यापासून नगरपालिकेच्या नळापर्यंत सगळं अग्नीच्या कानावर घालत. "इदं न मम", म्हणजे हे माझं नाही, असं म्हणत ते पळीने सढळ हाताने तूप सोडत. तूप काकूंनी महिनाभर साय साठवून कढवलेलं असल्यामुळे ते बोलणं अगदी खरंही होतं. काकू काही बोलत नसत. दुसऱ्या दिवशी कुंडातली राख घेऊन त्या भांडी घासायला बसत, आणि काकांनी हरकत घेतली की भांडी आणखीच जोरात घासत. एकदा श्रावणात समिधा ओल्या निघाल्या. धूर आमच्या खोलीतून मागच्या गल्लीत गेला आणि घर पेटलं समजून शेजारी बादल्या घेऊन धावत आले. काका जराही गडबडले नाहीत. त्यांनी सगळ्यांना पायरीवर बसवून घेतलं, स्वाहा म्हणायला लावलं आणि खोबरं-साखर हातावर ठेवूनच घरी सोडलं.

आमच्याकडे पालघरजवळच्या माहीमहून मासे घेऊन एक कोळीण यायची. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. बोंबील सुकवून, विकून तिने दोन पक्क्या खोल्या उभ्या केल्या होत्या. एका सकाळी मासळी साफ करता करता तिने माझ्या बायकोला सांगितलं की, घराच्या पूजेला विधवेने बसायचं नाही, दिराला आणि जावेला बसवा, असं भटजी म्हणतात. त्या दिराने एक वीटसुद्धा उचलून दिली नव्हती. काका ओसरीवरून ऐकत होते. ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तुमी भटाबिगर करता ना? मंग तुमीच या."

काकांना आभाळ ठेंगणं झालं. पुढचे दिवस ते न्हाणीघरातही मंत्र घोकत होते. ठरल्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, कुंडाचा डबा पिशवीत घालून ते निघाले. मी आणि माझी बायको सोबत. माहीमला पोचलो तर अंगणात सगळी आळी जमलेली. बायकांनी काकांचे पाय धुतले, त्यांना पाटावर बसवलं, समोर नारळ आणि दक्षिणा ठेवली. दीर दाराबाहेरच हाताची घडी घालून उभा होता. काकांनी एकवार दक्षिणेकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि पाटावरून उठले.

"मी इथे बसलो तर भट आणल्यासारखंच झालं," ते म्हणाले. "घर तुझं. तू बस."

"माना मंत्र नाय येत."

"मलाही अर्धेच येतात. तुला काय सांगायचं ते सांग त्याला."

ती बसली. काकांनी विस्तव पेटवून दिला आणि बाजूला झाले. तिने पळी हातात घेतली. मग शेजारणीशी बोलावं तशी हळू म्हणाली, "बाबा, घर पुरा झाला. तो बगायला नाय. तू बग." आणि तिने तूप सोडलं. ज्यांना दुसऱ्याचा साधा 'स्वाहा' उशिरा आलेला खपत नसे, ते काका स्वाहा म्हणायचंच विसरले. शेवटी स्वाहा माझ्या बायकोनेच म्हटलं. मागे वळून पाहिलं, तर दीर चपला काढून आत आला होता आणि भिंतीशी मांडी घालून बसला होता.

पुढच्या पौर्णिमेला काकांनी विटा रचल्या, डबा ठेवला आणि काकूंना हाक मारून पाटावर बसायला सांगितलं. काकू आधी हसल्या, मग पदर सावरून बसल्या. पळी हातात घेऊन त्या अग्नीला म्हणाल्या, "माकुणसारला भावाकडे एकदा जाऊन यायचंय. यांचं त्याच्याशी वाकडं झाल्यापासून गेलेच नाही."

काकांनी हातातल्या समिधा खाली ठेवल्या. "हे मला कधी म्हणाली नाहीस," ते म्हणाले.

"तुमचे मंत्र चाललेले असायचे," काकू म्हणाल्या आणि तूप सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्यूटीला निघालो, तेव्हा ती दोघं स्टेशनच्या रस्त्याला लागली होती. काकूंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. काका नेहमीसारखे चार पावलं पुढे नव्हते. ते काकूंच्या बरोबरीने चालत होते आणि काकू काहीतरी सांगत होत्या. पुढे आम्ही बोईसरला क्वार्टरमध्ये राहायला गेलो आणि पालघरला जाणं हळूहळू कमी होत गेलं. तेव्हा काकू काय सांगत होत्या, ते मला कधी कळलं नाही. पण काका मान खाली घालून, मध्ये न बोलता, सगळं ऐकत होते.